जामीनदार गाव : ब्रिजव्ह्यूच्या स्टेडियमचा हिशेब

आमच्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून पस्तावलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. प्रत्येक वाडीत एखादा सापडतोच. कर्ज काढलं दुसऱ्याने, टेम्पो घेतला किंवा होडीचं इंजिन घेतलं, आणि हप्ते थकल्यावर नोटीस आली ती सही करणाऱ्याच्या घरी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या नगरपरिषदेत मी सगळी नोकरी लेखा विभागात काढली. त्यामुळे कुठलाही आर्थिक कागद हातात आला की माझी नजर आधी रकमेवर जात नाही. जामीन कोण, ते मी आधी शोधते.

काही दिवसांपूर्वी शेजारचा मुलगा एक फाईल घेऊन आला. लहानपणी आमच्या ओटीवर अभ्यासाला बसायचा, आता नगरसेवक आहे. "काकी, जरा नजर घाला. चांगलं काम आहे, पण मला आकडे झेपत नाहीत." खेळासाठी आरक्षित असलेल्या जागेवर फुटबॉल स्टेडियम बांधायचा प्रस्ताव होता. दहा हजार आसनं, प्रकाशझोत, खाली गाळे, वर पाहुण्यांसाठी कक्ष. "व्यावसायिक लीगचा विस्तार होत असून भविष्यात येथे संघ येण्याची दाट शक्यता आहे," असं दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं. उत्पन्नाच्या रकान्यात भाडं, तिकिटं, जाहिराती, गाळ्यांची अनामत, सगळं व्यवस्थित मांडलेलं. खर्चाच्या रकान्यात 'देखभाल व दुरुस्ती' असं छापलेलं, आणि त्याच्यासमोर फक्त एक आडवी रेघ. तोटा झाला तर तो कुणी भरायचा, याबद्दल सबंध फाईलमध्ये एक ओळ नव्हती.

पोराला मोडता घालायची मला मुळीच घाई नव्हती. गावाला मैदान हवंच आहे. जून लागला की क्रिकेट बंद पडतं आणि हीच मुलं गुडघाभर चिखलात फुटबॉल खेळतात, ते बघायला मी स्वतः थांबते. पण त्या आडव्या रेघेचा अर्थ त्याला कळायला हवा होता, म्हणून त्याला अमेरिकेतल्या ब्रिजव्ह्यू या गावाचं प्रकरण सांगितलं. दोन संध्याकाळी गेल्या. तेच इथे नीट मांडते.

लीग वाढते तेव्हा

अमेरिकेतली मेजर लीग सॉकर ही व्यावसायिक फुटबॉल लीग (आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात) १९९६ मध्ये १० संघांनिशी सुरू झाली. २०२५ मध्ये सॅन डिएगोचा संघ उतरला आणि संख्या ३० झाली. नव्या संघाला लीगमध्ये शिरण्यासाठी प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि त्याचा लाभ आधीच्या मालकांना होतो. टोरांटो २००७ मध्ये खेळायला लागला तेव्हा हे शुल्क १ कोटी डॉलर होतं. २०१९ मध्ये शार्लटसाठी ते ३२.५ कोटींवर गेलं, आणि २०२३ मध्ये सॅन डिएगोसाठी ५० कोटी डॉलरवर. जागा मोजक्या ठेवायच्या आणि मागणारे जास्त, यात लीगचा फायदा असतो. जानेवारी २०१७ मध्ये ४ जागांसाठी १२ शहरांतून अर्ज आले. मिरकरवाड्याच्या जेटीवर सुरमईची टोपली एक आणि व्यापारी बारा असले की भाव कसा चढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

इथे बोली दोन प्रकारची असते. शुल्क मालक भरतो. पण लीगला स्वतंत्र फुटबॉल स्टेडियमही हवं असतं, आणि ते कुणाच्या पैशाने उभं राहणार हा प्रश्न शहराच्या दारात येतो. लीगचा आग्रह समजण्यासारखा आहे. सुरुवातीला हे संघ अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य मैदानांत भाडेकरू होते. साठ हजार खुर्च्यांत पंधरा हजार माणसं बसली की मैदान ओसाड दिसतं, शिवाय गाड्या लावण्याचे आणि खाद्यपदार्थांचे पैसे मैदानाच्या मालकाकडे जातात. १९९९ मध्ये संघमालक लमार हंट यांनी कोलंबसमध्ये लीगसाठी पहिलं खास फुटबॉल स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधलं. तो नमुना सगळ्यांना आवडला. पैसे मात्र पुढे सगळ्यांनीच स्वतःचे घातले असं झालं नाही.

ब्रिजव्ह्यूने सही केली

ब्रिजव्ह्यू हे शिकागोच्या नैर्ऋत्येला असलेलं उपनगर. कायद्याने आणि कागदोपत्रीही 'गाव'. वस्ती सोळा-सतरा हजार, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या नगरपरिषदेएवढी. कारखाने, गोदामं, कष्टकरी लोकांची घरं.

शिकागो फायर हा संघ १९९८ मध्ये लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. त्याचं घरचं मैदान सोल्जर फील्ड, पण ते शहराच्या उद्यान मंडळाचं आणि मुख्य भाडेकरू शिकागो बेअर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. २००२ आणि २००३ मध्ये तिथे नूतनीकरण चाललं होतं, तेव्हा फायरला नेपरव्हिलमधल्या एका कॉलेजच्या मैदानावर खेळावं लागलं. विजेता संघ, पण स्वतःचं घर नाही. अशा वेळी ब्रिजव्ह्यू पुढे आलं. जागा आमची, बांधकाम आमचं, तुम्ही फक्त खेळायला या.

स्टेडियम जून २००६ मध्ये उघडलं. २० हजार आसनं, खर्च सुमारे १० कोटी डॉलर. त्या वेळच्या वस्तीवर भागाकार केला तर दरडोई ६ हजार डॉलरच्या वर जातो, चार माणसांच्या घरामागे पंचवीस हजारांच्या आसपास. नगरसेवकाने हा भागाकार वहीत उतरवून घेतला. तशी मी त्याला सवयच लावली आहे : कोटीतला आकडा आला की आधी घरांच्या संख्येने भागायचं.

आता जामिनाचा मुद्दा. गावं आणि शहरं कर्जरोखे काढतात ते ढोबळमानाने दोन प्रकारचे. महसूल रोख्यात परतफेड त्या प्रकल्पाच्या कमाईतून व्हायची असते. पूल बांधला, टोल आला, त्यातून हप्ता. टोल आला नाही तर रोखे घेणाऱ्याचा पैसा अडकतो, म्हणून तो आधी चार वेळा तपासून घेतो आणि व्याजही जास्त मागतो. दुसरे सर्वसाधारण दायित्वाचे रोखे. यात गाव आपली सगळी पत गहाण टाकतं. प्रकल्प चालो न चालो, हप्ता गावाच्या एकूण उत्पन्नातून भरायचा, आणि कमी पडलं तर मालमत्ता कर वाढवून भरायचा. व्याज कमी बसतं, म्हणून हा मार्ग स्वस्त भासतो. तो स्वस्त असतो कारण धोका रोखेदाराच्या डोक्यावरून उचलून घरमालकाच्या डोक्यावर ठेवलेला असतो. ब्रिजव्ह्यूने स्टेडियमसाठी हा दुसरा मार्ग धरला.

म्हणजे संघ भाडेकरू, गाव मालक आणि गावच जामीन. मालकीचा अभिमान वाटणं साहजिक आहे, 'आपलं स्टेडियम' म्हणताना कुणाचीही छाती फुगेल. पण भाडेकरूचा धंदा बसला तर तो घर सोडून जाऊ शकतो. काँक्रीट कुठे जाणार?

सतरा दिवस

लीगच्या हंगामात एका संघाचे घरचे साखळी सामने साधारण १६-१७ असतात. वर्षाच्या ३६५ दिवसांतून १७ वजा केले की ३४८ उरतात. त्या दिवसांत संगीताचे कार्यक्रम होतील, मेळावे होतील, भोवती हॉटेलं आणि दुकानं उभी राहतील, त्यांचा कर येईल, हा अंदाज होता. कार्यक्रम काही झाले. हॉटेलं आणि दुकानं अपेक्षेप्रमाणे आली नाहीत. २००८ ची मंदी आली हे खरं, पण मला वाटतं मंदी नसती तरी गणित अवघडच होतं. तिथे जायला थेट रेल्वे नव्हती. माणूस गाडीने यायचा, स्टेडियमच्याच आवारात गाडी लावायचा, आतच खायचा, सामना संपला की आला त्या रस्त्याने परत. गावातल्या दुकानाच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागायचं कारण नव्हतं.

शिमग्याला चाकरमानी गावी येतो तेव्हा मुंबईत कमावलेला पैसा गावात पडतो. पालखी घरी यायची म्हणून रंगरंगोटी होते, वाणसामान भरलं जातं, रिक्षावाला रात्रंदिवस फिरतो. हा पैसा एरवी आला नसता. स्टेडियमला येणारा बहुतेक प्रेक्षक मात्र त्याच परिसरातला असतो. शनिवारी त्याने तिकिटावर खर्च केला, तर त्याच शनिवारी तो सिनेमाला किंवा खानावळीत गेला नाही. खिसा तोच, दुकान बदललं. ब्रॅडबरी, कोट्स आणि हम्फ्रीज या तीन अर्थतज्ज्ञांनी गेल्या तीसेक वर्षांच्या संशोधनाचा २०२३ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा हेच पुन्हा दिसलं : स्थानिक अर्थव्यवस्थेला मिळणारा फायदा सरकारी मदतीच्या मानाने फार थोडा असतो.

ब्रिजव्ह्यूत स्टेडियमची कमाई हप्त्याला पुरली नाही. मग गावाने तेच केलं जे अडलेला कर्जदार करतो, नवं-जुनं. जुने रोखे फेडायला नवे रोखे, आजचा हप्ता पुढच्या वर्षांवर. आमच्याकडे सोसायटीच्या कर्जात हा शब्द रोजचा आहे आणि त्याचा शेवटही सगळ्यांना माहीत आहे : कागदावर खातं नियमित दिसतं, मुद्दल तिथेच बसून राहतं आणि व्याज चढतं. गावाच्या एकूण कर्जाचा आकडा २० कोटी डॉलरच्या पुढे गेला. पतमानांकन घसरलं. मालमत्ता कर वाढला. ज्या घरातल्या कुणी आयुष्यात एक सामना पाहिला नसेल, त्या घरावरही वाढला. मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच. तिकीट घेणाऱ्याला निदान खेळ दिसतो. घरपट्टी भरणाऱ्याला फक्त पावती मिळते.

मैदानात खुर्च्याही भरेनात. शेवटच्या हंगामात, २०१९ मध्ये, सरासरी प्रेक्षक १२ हजारांच्या आसपास होते.

भाडेकरू उठला

फायरचा भाडेकरार २०३६ पर्यंतचा होता. २०१८ मध्ये उद्योजक जो मन्सुएटो यांनी संघात मोठा हिस्सा घेतला आणि २०१९ मध्ये संपूर्ण मालकी. त्यांना संघ पुन्हा शहरात न्यायचा होता. जुलै २०१९ मध्ये गावाशी तडजोड झाली : करार मोडण्याबद्दल संघ सुमारे ६.५ कोटी डॉलर देईल, थोडा भाग आधी आणि बाकी २०३६ पर्यंत हप्त्यांनी. २०२० पासून फायर सोल्जर फील्डवर परतला. म्हणजे जिथून भाडेकरू म्हणून निघाला होता तिथेच.

एक गोष्ट गावाच्या बाजूने सांगायला हवी. करारात मुदत स्पष्ट होती, म्हणून ही भरपाई तरी हातात पडली. करार लिहिणाऱ्याने ते एक काम नीट केलं होतं. पण ६.५ कोटी, तेही सतरा वर्षांत पसरलेले, आणि समोर २० कोटींवरचं कर्ज. स्टेडियममध्ये २०१६ पासून शिकागोचा महिलांचा व्यावसायिक संघही खेळत होता. त्यानेही २०२६ च्या हंगामासाठी इव्हॅन्स्टनमधलं विद्यापीठाचं मैदान निवडलं.

आणि जून २०२५ मध्ये मन्सुएटो यांनी शिकागोत फायरसाठी नवं स्टेडियम जाहीर केलं. साधारण २२ हजार आसनं, ६५ कोटी डॉलर खर्च, स्टेडियमच्या बांधकामाचा पैसा खासगी. मालकाकडे पैसा नव्हता असं नाही, तर गाव भरायला तयार असताना तो काढायची गरज कुणाला पडली नव्हती, असाच याचा अर्थ मी लावते. मालक बदलले हे खरं. पण संघाची किंमत एवढी वाढत असताना वाढीचा वाटा मालकाकडे आणि तुटीचा वाटा गावाकडे, ही वाटणी २००६ पासूनच कागदावर होती.

ब्रिजव्ह्यूपुढे दुसरा रस्ता होता का? होता. सेंट लुईसमध्ये एप्रिल २०१७ मध्ये लीगच्या स्टेडियमसाठी ६ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत मतदानाला आली आणि ५३ टक्के लोकांनी नाही म्हटलं. संघ कायमचा गेला, अशी हळहळ झाली. पुढे तिथल्या टेलर या उद्योजक कुटुंबाने पुढाकार घेतला, बांधकामाचा बहुतांश भार मालकांनी उचलला, जागा आणि काही करसवलती सार्वजनिक राहिल्या, आणि २०२३ मध्ये संघ मैदानात उतरला. नॅशव्हिलने २२.५ कोटी डॉलरचे महसूल रोखे काढले, पण परतफेडीचा मोठा भार संघाच्या भाड्यावर आणि स्टेडियममधून येणाऱ्या करावर ठेवला. २०२० मध्ये महापौर जॉन कूपर यांनी करार पुन्हा उघडायला लावून आणखी खर्च संघाकडे वळवला. ३० हजार आसनांचं ते मैदान २०२२ मध्ये सुरू झालं. तिथेही शहराने हात पूर्ण झटकले असं नाही, पण पहिली नोटीस कुणाच्या दारात जाणार ते लिहून ठेवलं.

आपल्याकडे

"काकी, ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडे संघ असे उठून जात नाहीत," असं तो म्हणाला. जातात.

आपली फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये ८ संघांनी सुरू झाली आणि २०२४-२५ पर्यंत १३ झाली. या वाढीत दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. तोच हैदराबाद मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेता झाला. आमच्याकडची काही मुलं रात्रीची गाडी करून तो सामना बघायला गेली होती. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलला. ज्या लीगमध्ये विजेता संघ तीन-चार वर्षांत गाव बदलतो, तिथे "भविष्यात संघ येण्याची दाट शक्यता" या वाक्यावर किती वजन टाकायचं?

पुण्याचा संघ गेला तेव्हा बालेवाडीला धक्का बसला नाही, कारण ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं, एका संघासाठी नव्हे. फातोर्डाचंही तसंच. ते १९८९ पासून आहे, गोवा सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचं आहे. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांचा प्रेक्षक आधीपासून गोव्यात होता. २०१६ मध्ये गोव्याचे तीन क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तरी मैदानाला खेळ मिळत राहिला. २०१७ मध्ये तर १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तिथे झाले. कोकण किनाऱ्यावर फुटबॉलचं स्टेडियम चालू शकतं याचा हा पुरावा आहे, पण तिथे खेळ आधी होता आणि पायऱ्या नंतर बांधल्या. मुंबई सिटी एफसीसुद्धा महापालिकेच्या अंधेरीतल्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात खेळतो, आणि ते मैदान दहा हजारांच्या आतलं आहे. मुंबईला जे पुरतं त्याहून मोठं आमच्या गावाने कुणासाठी बांधायचं?

आमची नगरपरिषद ब्रिजव्ह्यूसारखे रोखे काढू शकणार नाही, हेही त्याला सांगितलं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, ती ऐपत वेगळी. लहान नगरपरिषदेला कर्जाला शासनाची परवानगी लागते आणि ते चांगलंच आहे. आपल्याकडे जामीनकी वेगळ्या दाराने घरात येते. बांधायला अनुदान मिळतं. तालुका क्रीडा संकुलासाठीची मर्यादाच राज्याने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी केली. पण फीत कापल्यानंतरचं वीजबिल, पहारेकरी, गवत, रंग, पंप, यांना अनुदान नसतं. ते घरपट्टीतून.

आणि इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर खारी हवा. माझ्या नोकरीत एका सार्वजनिक इमारतीचं काम पूर्ण झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी पाहणीला गेले होते. खिडकीच्या जाळीला सहज हात लावला तर लोखंडाचे खवले बोटाला चिकटून आले, खाली पायरीवर तांबडा ओघळ. रंगाचं बिल त्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीतून काढावं लागलं, आणि एका वाडीचा नळ दोन महिने उशिरा दुरुस्त झाला. प्रकाशझोताचे चार मनोरे, त्यांचे बोल्ट, पत्र्याचं छत, दहा हजार खुर्च्यांचे पाय. त्या आडव्या रेघेच्या जागी हे सगळं येतं.

दुसऱ्या संध्याकाळी शेवटी त्याने विचारलं, "मग टिप्पणीत काय लिहू?" आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. संघाचं लेखी बंधनपत्र, मुदतीसह आणि मोडल्यास भरपाईसह, हातात आल्याशिवाय प्रेक्षागृहाचा विषय घेऊ नये. देखभालीचा दहा वर्षांचा अंदाज जोडावा आणि तूट कोणत्या लेखाशीर्षातून भरणार ते नमूद करावं. आरक्षित जागेवर आधी मैदानाचा निचरा, माती, गवत, पाण्याची सोय आणि कपडे बदलायच्या दोन खोल्या कराव्यात, मुलींसाठी वेगळी. बसायला एका बाजूने जांभ्याच्या पायऱ्या, उतार आहेच.

सभेत विषय आला तेव्हा त्याने उभं राहून तो एकच प्रश्न विचारला : संघ आला नाही, किंवा आला आणि गेला, तर हप्ता आणि वीजबिल कुणाच्या नावे? उत्तर लेखी द्यायचं ठरलं. ते अजून आलेलं नाही. निचऱ्याच्या चराचं काम मात्र यंदाच्या अंदाजपत्रकात घेतलं आहे, आणि पावसाआधी तो खणून व्हावा म्हणून तो पोरगा रोज सकाळी अभियंत्याच्या टेबलाशी जाऊन बसतो.